पोट सोडा, पत्ता सांगा

आमच्या नाचाच्या मास्तरीणबाईंचा एक नियम आहे. नाच संपला रे संपला की, घाम पुसायच्याही आधी, स्वतःच्या घरचा संपूर्ण पत्ता एका दमात सांगायचा. मध्ये शब्द तुटला, 'मजला' म्हणताना 'मज' आणि 'ला' यांच्यामध्ये धाप लागली, की नापास. नापास बाईने घोळक्यात खुशाल नाचावं, पण एकटीने स्टेजवर पाऊल टाकायचं नाही. बाई पूर्वी पोहायला शिकवायच्या. पाण्यात काय आणि जमिनीवर काय, माणूस श्वासावरच तरंगतो असं त्यांचं ठाम मत. आणि आमचा नाच म्हणजे बेली डान्स, पोटाचा आणि कमरेचा. म्हणजे पोट नाचवायचंही आणि त्याच पोटाने श्वासही घ्यायचा, अशी त्या बिचाऱ्यावर दुहेरी जबाबदारी.

माझी अडचण एवढीच की माझा पत्ता लांब आहे. वर्गात एक दातांची डॉक्टरीण आहे, तिचा पत्ता म्हणजे बंगल्याचं नाव आणि रस्ता, खेळ खलास. ती धापा टाकत टाकतसुद्धा पास होते. माझा पत्ता असा: फ्लॅट नंबर बारा, चौथा मजला, मागचा जिना, दुसरी इमारत, परिवहन कर्मचारी सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, जुन्या छापखान्याची गल्ली, दवाखान्याच्या मागे, पोस्टासमोर. वाचूनच दम लागतो. पहिल्या परीक्षेत मी 'मागचा जिना'पर्यंत पोचले आणि तिथेच बसले.

"पोस्टमन परत गेला तुमचा," बाई म्हणाल्या. "वार्षिक कार्यक्रमाच्या आधी पुन्हा परीक्षा घेईन. तोवर जिने चढा, झोप काढा आणि रोज सकाळी पूर्ण गाणं नाचा. पट्टा बांधून, हं! पट्ट्याशिवाय केलेली प्रॅक्टिस मी धरत नाही."

पट्टा म्हणजे कमरेला बांधायचा एक रुमाल. त्याला पत्र्याच्या चकत्यांच्या माळा लावलेल्या असतात. कंबर दोन्ही बाजूंना सारखी हलली तर चकत्या एका लयीत वाजतात, नाहीतर भांड्याचं कपाट कोसळल्यासारखा आवाज होतो. कंबर खोटं बोलते, चकत्या बोलत नाहीत, असं बाई म्हणतात. ह्या चकत्यांनी मला पुढे काय काय दिवस दाखवले, तेच सांगायला बसले आहे.

तर मला ते गाणं एकटीने करायचं होतं. का, असं विचारू नका. मी बस डेपोत 'हरवलं-सापडलं'च्या खिडकीवर बसते. लोकांना माझा वरचा अर्धा भाग तेवढा दिसतो, आणि तोही त्यांची छत्री मिळेपर्यंतच. त्या गाण्यात शेवटाकडे एक जागा आहे. सगळी वाद्यं थांबतात, नुसता ताल उरतो, आणि खांदे, मान, चेहरा सगळं शांत ठेवून फक्त कंबर बोलते. ती जागा मला फार आवडते. ती जमली की मला अगदी आतून गोड वाटतं, एवढंच खरं कारण.

घरी मात्र मी 'पाठीच्या व्यायामाचा वर्ग' असं सांगितलं होतं. खोटं नव्हतंच ते, पाठ खरोखर सुधारली होती. आमचे हे रागीट नाहीत. रागावले असते तर मी कडाकडा भांडले असते, त्याची मला सवय आहे. पण हसले असते तर? ह्यांचं हसू आवाजी नाही, नाकातून येतं. तेवढ्या एका 'हुं'वर मी पट्टा माळ्यावर टाकून दिला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून पाठीचा व्यायाम.

समोरच्या वहिनींना मात्र मी खरं सांगितलं, कारण कोणालातरी सांगितल्याशिवाय पोटात राहीना. वहिनी आरोग्याच्या बाबतीत अधिकारी आहेत. त्यांना स्वतःला इतके आजार होऊन गेले आहेत की दुसऱ्याला सल्ला द्यायचा त्यांना हक्कच आहे.

"अहो ताई, पोटाचा नाच म्हणता, मग आधी पोट नको का कमी करायला?" असं म्हणून त्यांनी मला दिवसभर काकडी खायला सांगितली आणि स्वतःचा बाळंतपणानंतरचा जाड पट्टा आणून दिला. तो कमरेला आवळला की माणूस बाटलीसारखा ताठ होतो. मी तो आवळून, काकडीवर जगून वर्गाला गेले. गाणं सुरू झालं, मी दोन पावलं टाकली आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. शुद्धीवर आले तेव्हा मास्तरीणबाई माझ्या तोंडात साखर कोंबत होत्या.

"पोट कुठे ठेवून आलात?" त्या ओरडल्या. "जन्मभर पोट आत ओढून चालायला शिकवलंय तुम्हा बायकांना. इथे पोट सोडायचं! पोटभर खाऊन यायचं! उपाशी पोट काय नाचणार, कप्पाळ?" पोट सोडा, असं आजवर मला कोणी म्हटलं नव्हतं. मी सोडलं. त्या जाड पट्ट्याची कडी उडून दातांच्या डॉक्टरणीला लागली, पण ते जाऊ दे.

आता ही प्रॅक्टिस करायची कुठे? प्रथम मी डेपोत करून पाहिली. खिडकीमागे उभं राहायचं, वरचा भाग स्थिर, खाली कंबर चालू. आमच्या नाचाचं मर्मच ते. "छत्री कोणत्या रंगाची? दांडा लाकडी की प्लास्टिक?" असं तोंडाने विचारत मी कमरेने आठाचे आकडे काढत होते. एक गृहस्थ बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही बोटीत उभ्या आहात का?" त्यांना चष्मा हरवल्याची तक्रार नोंदवायची होती, त्यामुळे मी तिकडे दुर्लक्ष केलं.

पण दुपारी माणसं कमी झाल्यावर मला मोह झाला. स्वेटरखाली चकत्यांचा पट्टा बांधला आणि थरथर करून पाहिली. थरथर म्हणजे गुडघे सैल सोडून कंबर इतक्या वेगात हलवायची की माणूस वॉशिंग मशीनवर बसल्यासारखा दिसतो. चकत्या छान वाजायला लागल्या. शेजारच्या खोलीतून डेपो मॅनेजर बाहेर आले. कान टवकारून म्हणाले, "कपाटात कोणाचातरी फोन वाजतोय."

मी थांबले. आवाज थांबला.

"कट झाला," मॅनेजर म्हणाले. "पण मालक शोधतोय बिचारा. पुन्हा करेल." आणि कर्तव्यदक्ष माणूस तो, त्याने सगळं कपाट माझ्याकडून खाली उतरवून घेतलं. पिशव्या, डबे, एकेकटे बूट, कवळ्या, एक तंबोऱ्याची खोळ. प्रत्येक पिशवी उघडून, आतल्या वस्तू मांडून, पुन्हा भरून ठेवायची. आणि मी स्टुलावर चढले की पट्टा वाजायचा, तसे मॅनेजर म्हणायचे, "आला, आला! वरच्या फळीवर बघा!" त्या दिवशी इतका व्यायाम झाला की रात्री पत्ता पुटपुटून बघितला तर 'गृहनिर्माण'पर्यंत गेले. पण डेपोत पट्टा न्यायचा नाही, असं मी कानाला खडा लावून घेतला.

मग घरात. पहाटे हे गाढ झोपेत असतात. हे झोपले की बाजूला विहीर खणली तरी उठत नाहीत. मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि सुरू केलं. पण आमच्या खालचे काका! काकांची झोप इतकी पातळ की वरच्या मजल्यावर मांजर चाललं तर त्यांना त्याचा रंग कळतो. त्यांनी लगेच सोसायटीकडे लेखी तक्रार केली. आता सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे आमचे हे. दुसरा कोणी असता तर बायकोला हळूच सांगून मोकळा झाला असता. ह्यांनी रीतसर नोटीस टाईप केली, पाकिटात घातली, आमच्याच दाराची बेल वाजवली आणि मी दार उघडल्यावर माझ्या हातात दिली.

"पोच हवी. इथे सही कर."

"अहो, आत या, चहा गार होतोय."

"आधी सही. आत्ता मी तुझा नवरा म्हणून आलेलो नाही."

मी सही केली. मग ते चपला काढून आत आले आणि नवरा झाले. नोटिशीत म्हटलं होतं की पाठीचे व्यायाम जमिनीला धक्का न लावता करावेत. माझ्यावर झालेल्या अन्यायाबद्दल मी ह्यांच्याकडे चांगलीच कुरकुर केली. तर हे म्हणाले, "गच्चीवरची टाकीची खोली रिकामी आहे. रीतसर अर्ज दे. पुढच्या मीटिंगमध्ये ठेवतो."

पुढची मीटिंग परीक्षेच्या नंतर होती. पण टाकीच्या खोलीची किल्ली मात्र आमच्याच दारामागे खिळ्याला लटकलेली होती. सेक्रेटरींची बायको असण्याचा मी आजवर एकच फायदा घेतला आहे, तो हा.

काय सांगू, स्वर्ग होता तो! वर सिमेंटची टाकी, खाली गार फरशी, कोपऱ्यात पाइपातून गळणारं पाणी. रोज पहाटे गाऊनवर पट्टा बांधायचा, वर शाल पांघरायची आणि जिन्याने वर जायचं. लिफ्ट नाही घ्यायची, कारण जिने चढा ही बाईंची आज्ञा. चढताना पत्ता म्हणत जायचा. मग फोनवर बारीक आवाजात गाणं लावून सुरुवातीपासून शेवटपर्यंत नाचायचं. गुडघे सैल, माकडहाड खाली, पोट मोकळं. हळूहळू मी 'छापखान्याची गल्ली' गाठली, मग 'दवाखान्याच्या मागे'. रात्री अशी झोप लागायची की कूस बदलल्याचं आठवत नसे. मी मनातल्या मनात फार खुशीत होते.

आणि खाली काकांनी सगळ्या इमारतीची झोप उडवली होती.

"पहाटे जिन्यातून किल्ल्यांचा जुडगा घेऊन कोणीतरी वर जातं," काकांनी तातडीच्या सभेत सांगितलं. "छुन, छुन, छुन. प्रत्येक मजल्यावर. दारांना किल्ल्या लावून बघतो हरामखोर. आणि तोंडाने काहीतरी पुटपुटतो. मी दाराला कान लावून ऐकलं. आपला पत्ता पाठ करतोय!"

सभा हादरली. समोरच्या वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. मी छताकडे बघायला लागले. त्याच वेळी उठून 'मीच ती' म्हणायला हवं होतं, कबूल. पण सगळी माणसं बसलेली, समोर अध्यक्षांच्या शेजारी हे गंभीर चेहऱ्याने टिपणं काढत असलेले, आणि त्यांच्यासमोर कसं सांगू की तो जुडगा माझ्या कमरेला होता? उलट मी उठून म्हणाले, "कदाचित एखादा सज्जन चोर असेल. अजून काही गेलेलं तर नाही ना?"

"ताई, सज्जन चोर पत्ता पाठ करत नाहीत," काका म्हणाले, आणि मी खाली बसले.

नवा वॉचमन नेमायचा आणि सोमवारपासून पहाटेचा पहारा सुरू करायचा असं ठरलं. मी हिशोब केला. परीक्षा सोमवारीच संध्याकाळी होती. म्हणजे रविवारची पहाट माझी होती. शेवटची एक. एकदा, फक्त एकदा, पूर्ण गाणं आणि पूर्ण पत्ता जमला असता तर मी परीक्षेला ताठ मानेने गेले असते. अजून 'पोस्टासमोर' काही केल्या येत नव्हतं.

रविवारी उठले तर हे शेजारी नव्हते. बाथरूममध्ये असतील म्हणून मी सटकले. या वेळी शहाणपणा केला. पट्टा टॉवेलमध्ये गुंडाळून, आवाज न करता वर नेला. दार लोटलं, पट्टा बांधला, गाणं लावलं.

आता मला काय ठाऊक की सेक्रेटरी महाशयांनी डोकं चालवलं होतं! चोर कदाचित सभेलाच हजर असेल, म्हणून सोमवार जाहीर करायचा आणि रविवारीच दबा धरायचा, असा त्यांचा गुप्त बेत. नवरा हुशार आहे हो माझा, म्हणजे अंदाज तर अचूकच निघाला. हे, खालचे काका आणि नवा वॉचमन तळमजल्यावर मीटरच्या मागे लपले होते, कारण चोर रस्त्यावरून येणार ना! आणि तिघांना एकदम वरून, अगदी वरून, छुन छुन ऐकू आलं. चोर सावध होईल म्हणून लिफ्टला हात न लावता ते जिन्याने धावत सुटले. आमच्या इमारतीला जिने किती आहेत ते मी रोज पायांनी मोजत होते. ह्यांनी मात्र गेल्या कित्येक वर्षांत चौथ्या मजल्यावरसुद्धा लिफ्टशिवाय पाय ठेवलेला नाही.

मी गाण्याच्या त्या जागेपाशी आले होते. वाद्यं थांबली, नुसता ताल उरला, आणि धाडकन दार उघडलं.

दारात हे, हातात क्रिकेटची बॅट. त्यांच्यामागे काका, टॉर्च थेट माझ्या पोटावर. त्यांच्यामागे वॉचमन. पोटावरचा उजेड पाहून माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. वाटलं, शाल ओढून खाली बसावं, रडावं, 'पाठीचा व्यायाम' म्हणून सांगावं. पण कंबर थांबेचना! आणि कंबर का थांबत नाही ते मला कळलं. आज थांबले असते तर मी ते गाणं पूर्ण करू शकते की नाही हे मला जन्मात कळलं नसतं. हसू दे, म्हटलं, काय हसायचं ते हसू दे. खांदे शांत ठेवले, मान सरळ ठेवली, समोर टाकीवरच्या 'झाकण उघडे ठेवू नये' ह्या पाटीवर नजर लावली आणि शेवटच्या थरथरीपर्यंत पोट सोडून नाचले. चकत्या एका लयीत वाजल्या. इतक्या एका लयीत त्या कधीच वाजल्या नव्हत्या.

गाणं संपलं. पाइपातून पाणी गळत होतं. काका उंबऱ्यावर बसून छाती चोळत होते. हे बॅटीवर रेलून उभे, तोंड उघडं. तिघांचे भाते नुसते चालले होते. बोलायची ताकद फक्त वॉचमनमध्ये उरली होती, आणि तो कामावर नवा, मला ओळखत नव्हता.

"ए... बाई... कोण तुम्ही?" तो म्हणाला. "राहता... कुठे?"

मी श्वास घेतला. "फ्लॅट नंबर बारा चौथा मजला मागचा जिना दुसरी इमारत परिवहन कर्मचारी सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित जुन्या छापखान्याची गल्ली दवाखान्याच्या मागे पोस्टासमोर!"

शेवटचा शब्द टाकीवर आपटून घुमला. वॉचमनने ह्यांच्याकडे पाहिलं.

"बरोबर," हे कसेबसे म्हणाले. "आमचाच... पत्ता... आहे."

हे हसले नाहीत. निदान तेव्हा तरी नाही, कारण हसायला श्वास लागतो. खाली उतरताना मी ह्यांना एका हाताने आणि वॉचमनने काकांना दोन्ही हातांनी धरलं होतं. घरी आल्यावर मी सगळं सांगून टाकलं. ते खुर्चीत बसून ऐकत राहिले. मी त्यांच्या नाकाकडे बघत होते. नाक शांत होतं.

"मला का नाही सांगितलंस?" एवढंच म्हणाले.

"तुम्ही हसला असतात."

त्यांनी बराच विचार केला. त्यांची ती सवयच आहे. "हो," म्हणाले, "हसलो असतो." आणि उठून आंघोळीला गेले. मला वाईट वाटलं, पण खोटं बोलले नाहीत याचं बरंही वाटलं. दुपारी नोटीस बोर्डावर त्यांच्या सहीने कागद लागला: 'जिन्यातील आवाजाचे कारण समजले असून ते आरोग्यदायी आहे. पहारा रद्द.' काकांनी दुसऱ्याच दिवशी जिन्यात मला गाठून, इकडेतिकडे बघत, हा प्रकार पुरुषांच्या गुडघ्यांना चालतो का, अशी चौकशी केली.

सोमवारी परीक्षा पास झाले. मास्तरीणबाई म्हणाल्या, "पोचलं पत्र." मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण घामाने भिजले होते म्हणून स्वतःला आवरलं.

कार्यक्रमाला हे आले. मी यायचा आग्रह केला नव्हता, नको असंही म्हटलं नव्हतं. पडद्याच्या फटीतून पाहिलं तर तिसऱ्या रांगेत कडेला, मीटिंगला घालतात तोच शर्ट घालून बसले होते. मग मी पाहायचं सोडून दिलं. नाचले. कशी नाचले ते मी कशाला सांगू, पण शेवटच्या जागेला सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. टाळ्या झाल्या, मी विंगेत आले, तर मागच्या दाराने हे आत आलेले. चेहरा लालबुंद, कपाळावर घाम, छाती वरखाली.

"अहो, काय झालं? जिना चढलात का?"

त्यांनी मान हलवली. भिंतीला टेकले. "नाही. खुर्चीतच होतो," म्हणाले. "तू सुरू केलंस ना, तेव्हापासून श्वासच घ्यायचं राहून गेलं बघ."

मला रडू आलं, अगदी काजळ ओघळेपर्यंत. मी माझी पाण्याची बाटली त्यांना दिली आणि स्टूल ओढून बसवलं. ते घोट घोट पाणी पीत राहिले आणि मी कमरेचा पट्टा न सोडताच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिले.